बेअरिंगचे दोन रिपोर्ट

जनावरांची डॉक्टर असून पस्तीस वर्षांत मला एकही कुत्रं चावलं नाही. लोक कौतुकाने विचारतात, हाताला काही गुण आहे का हो तुमच्या? कसला गुण आणि कसलं काय! एक सोडलं तर माझ्यापर्यंत अख्खं कुत्रं कधी आलंच नाही. यायचा तो त्याचा एक तुकडा, फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला, बरणीत बंद. तुकडा काय चावणार, कप्पाळ?

मी पॅथॉलॉजिस्ट. नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांतले प्राण्यांचे डॉक्टर ऑपरेशन करून जी गाठ काढायचे, ती गंगापूर रोडवरच्या माझ्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये यायची. गाठ साधी की वाईट, हे मी सांगायचं. बरणी बघून मला अर्धं घर कळायचं. बंगलेवाल्यांच्या गाठी परदेशी कॉफीच्या बाटलीतून यायच्या, नोकरदारांच्या लोणच्याच्या बरणीतून. चांदवडहून एक बाई तर कुत्रीची गाठ स्टीलच्या डब्यात घेऊन आली, वर चांगलं मूठभर मीठ. म्हणाली, "डॉक्टरीणबाई, मीठ लावलंय, खराब व्हायचं नाय." त्या गाठीचं मी काय केलं ते विचारू नका, पण बाईला चहा पाजला. बिचारीने तिच्या परीने केलंच होतं ना सगळं.

सगळ्यात जास्त गाठी यायच्या त्या कुत्र्यांच्या स्तनांच्या. कुत्रीला पोटाखाली दोन ओळींत पाच-पाच स्तन असतात, आणि वय झालं की त्यांच्यात गाठी धरतात. लहानपणीच नसबंदी केली तर हा धोका पुष्कळ कमी होतो, हे सांगून सांगून डॉक्टरांचे घसे बसले. पण आपल्याकडे "एकदा तरी पिल्लं होऊ द्या की हो" म्हणणारे प्रत्येक घरात एक आजोबा असतातच.

गाठ साधी की वाईट एवढं सांगून पूर्वी भागायचं. हल्ली भागत नाही. हल्ली मालक विचारतात, "वाईट आहे ते कळलं हो मॅडम, पण पुढे काय?" आमच्या नाशकात पुढचं सांगणाऱ्यांची काही कमी नाही. मी त्यांतलीच एक झाले, फक्त पोपटाच्या जागी मायक्रोस्कोप.

हे भविष्य कसं सांगतात ते साध्या भाषेत सांगते. गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे आणि काचेवर लावायचे. पेशी दुप्पट व्हायच्या तयारीला लागली की तिच्या केंद्रात एक प्रथिन तयार होतं. आमच्यात त्याला मार्कर म्हणतात. त्याला रंग चढवला की तेवढ्याच पेशी तपकिरी दिसतात, बाकीच्या निळ्या. मग डोळे फोडून हजारेक पेशी मोजायच्या. तपकिरी थोड्या, तर गाठ आळशी. तपकिरी फार, तर गाठ घाईत आहे. पण फॉर्मॅलिनमध्ये राहून प्रथिनं एकमेकांत गुंततात, म्हणून रंगाआधी काचा उकळाव्या लागतात. कशात? प्रेशर कुकरमध्ये. थट्टा नाही करत. माझी टेक्निशियन सुनीता डॉक्टर मंडळींपुढे मोठ्या तोऱ्यात सांगायची, "मॅडम भविष्य सांगतात, शिट्ट्या मी मोजते."

तर अशा ह्या धंद्यात भामरे माझ्या आयुष्यात आले.

भामरे अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या कामात खोट काढली आणि त्याचा पगार घेतला. कारखान्याच्या गेटवर एक गावठी कुत्री बेअरिंगच्या रिकाम्या खोक्यात झोपायची, म्हणून कामगारांनी तिचं नाव बेअरिंग ठेवलं. भामरे रिटायर झाले त्या दिवशी हारतुरे आटोपून मोटरसायकलवर बसले, तर ही मागे धावत सिडकोपर्यंत घरी आली. साहेबांनी दार लावून घेतलं. त्यांच्या बायकोने, मंगलाताईंनी, उघडलं. विषय संपला.

नऊ-दहा वर्षांची झाल्यावर बेअरिंगच्या पोटाखाली सुपारीएवढी गाठ आली. सातपूरच्या एका डॉक्टरांनी ती काढली आणि भामऱ्यांना सांगितलं, "रिपोर्ट चांगला आला तर एवढ्यावर थांबू. वाईट आला तर त्या बाजूची स्तनांची अख्खी ओळ काढावी लागेल, आणि तेही लवकर." म्हणजे त्या कुत्रीचं पोट पुन्हा फाडायचं की नाही, हे माझ्या एका आकड्यावर ठरणार होतं.

बरणी आली ती घटस्थापनेच्या दिवशी. झाकणावर कुंकवाचं बोट होतं. सुनीता हसली, मीही हसले. सातपूरचा कंपाउंडर एकनाथ देवभोळा होता, हे आम्हाला ठाऊकच होतं. साध्या रंगात गाठ अधलीमधली दिसली, धड साधी नाही, धड फार वाईट नाही. असल्या गाठीत सगळा निकाल मार्करवर. मार्कर लावला तर शंभरात दोन पेशी तपकिरी. मी खुशीत रिपोर्ट लिहिला, पुढची चिन्हं चांगली आहेत. दसऱ्याच्या आधी चांगली बातमी द्यायला कोणाला आवडत नाही?

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात भामरे लॅबमध्ये हजर. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, बगलेत फाइल. मला वाटलं पेढे घेऊन आलेत. त्यांनी रिपोर्ट माझ्यासमोर ठेवला आणि एका ओळीवर पेनाचं टोक टेकवलं.

"मॅडम, नमुना घेतल्याची तारीख तुम्ही घटस्थापनेची टाकली आहे. ऑपरेशन अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी झालं. मी स्वतः बाहेर बाकावर बसलो होतो."

"फॉर्मवर जी होती ती आम्ही उतरवली. तिकडची काहीतरी चूक असेल."

"तारीख चुकली म्हणजे पीसचा इतिहास चुकला. आमच्याकडे असा लॉट बाजूला काढून ठेवतात."

मी दीर्घ श्वास घेतला. माझ्या सुनीताला विचारा, मी दीर्घ श्वास घेतला की ती कामाला आतल्या खोलीत निघून जाते.

"बरं, मास्टर पीस दाखवा," भामरे म्हणाले.

"काय?"

"मोजायचं गेज बरोबर दाखवतंय की नाही, ते ज्याच्यावर ताडून बघता तो पीस."

आता हे आमच्याकडे असतं. प्रत्येक खेपेला एक ओळखीची काच सोबत रंगवतात. रंग तिच्यावर चढला म्हणजे रंग चांगला आहे. मी त्यांना कुत्र्याच्या आतड्याची काच दाखवली. मायक्रोस्कोपला डोळा लावून भामरे पाच मिनिटं बघत बसले.

"छान आहे," ते म्हणाले. "पण हा मास्टर आणि माझ्या बेअरिंगचा पीस, दोघांची प्रोसेस सारखी झाली होती का? तेवढाच वेळ, त्याच औषधात?"

झालं! माझा पारा चढला. "अहो भामरे, रिपोर्ट चांगला आलाय तुमचा! लोक इथे रडत येतात. तुम्ही पेढे वाटायचे सोडून माझं डोकं काय खाताय?"

"चांगला आलाय म्हणूनच विचारतोय. वाईट आला असता तर तुम्ही स्वतःच दोनदा तपासला असता."

"ती कुत्री आहे, बोल्ट नाही! आणि हा कारखाना नाही!"

भामऱ्यांनी रिपोर्ट सरळ घडी करून फाइलमध्ये ठेवला. "ठीक आहे. माझा प्रश्न ओपन ठेवतो," म्हणाले आणि गेले. मी सुनीताला म्हटलं, "रिटायर माणसांना उद्योग नसतात बघ."  

त्यानंतर दोन महिने मी भामऱ्यांना विसरून गेले. चक्क विसरले.

मार्गशीर्षात एके दिवशी एकनाथ स्वतः एक बरणी घेऊन आला. बरणी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, ह्या टायमाला पन दिवस बघूनच आनलंय बरं का."

"म्हणजे?"

"मागल्या खेपेला नाय का, त्या बेअरिंगची गाठ. आपरेशन झालं आन् दुसऱ्या दिवशी पितर बसलं. मी म्हनलं, पितरात कुटं पाठवायचं? चांगला यायचा रिपोर्ट तो वाईट यायचा. लय गुणाची कुत्री हाय ती, इंजेक्शन देताना हात चाटती. मंग बरणी ठिवली कपाटात. घट बसले तवा काढली, कुंकू लावलं आन् दिली पाठवून." त्याच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की बघवत नव्हता. "आला का नाय रिपोर्ट फस्कलास?"

"आणि फॉर्मवरची तारीख?"

"घटस्थापनेचीच टाकली. पितरातली तारीख कागदावर कशापायी?"

"फॉर्मॅलिन किती पातळ केलं होतंस?"

"पातळ? छ्या! नाय केलं. चांगल्या कुत्रीला पानी घातलेलं औषध कशाला?"

 तुकडा दिवस-दोन दिवस पातळ फॉर्मॅलिनमध्ये राहिला तर मार्कर नीट दिसतो. हा राहिला होता पुरा पक्षपंधरवडा, वर आणि कडक औषधात. इतका मुरला की प्रथिनांची गाठोडी घट्ट बांधली गेली आणि नेहमीच्या शिट्ट्यांना ती सुटली नाहीत. रंग चढला नाही. रंग नाही, म्हणून पेशी शांत. पेशी शांत, म्हणून रिपोर्ट फर्स्ट क्लास. एकनाथचं म्हणणं अगदी खरं होतं. पितरात पाठवला नाही म्हणूनच रिपोर्ट चांगला आला होता.

एकनाथला मी तेव्हा इतकं झापलं की पुढचा महिनाभर, एक सोडली तर, तो सगळ्या बरण्या दुसऱ्यांच्या हाती पाठवत होता. तो गेल्यावर बेअरिंगची जुनी काच काढली. गाठीच्या कडेला कातडीची एक पट्टी होती. कातडीच्या तळाच्या पेशी रोज नव्या होत असतात, त्यामुळे गाठ कशीही असो, तिथे थोडा तरी तपकिरी रंग दिसायलाच हवा. ती पट्टी कोरी होती, पाटीसारखी. दोन महिन्यांपूर्वी ती माझ्या डोळ्यांसमोर होती. मी बघितली नाही, कारण मला हवं ते दिसलं होतं. भामऱ्यांचा प्रश्न नेमका हाच होता. आतड्याची काच चोवीस तास मुरलेली, बेअरिंगची पंधरवडाभर. मास्टर पीस वेगळ्याच प्रोसेसमधला.

सुनीताने मेणातल्या त्याच तुकड्याचे नवे काप काढून काचांवर लावले आणि त्या काचा कुकरमध्ये नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ ठेवल्या. त्या दिवशी तिने शिट्ट्यांवरून एकही विनोद केला नाही. रंग झाल्यावर मी आधी कातडी बघितली. तळाशी तपकिरी ठिपके होते. मग गाठीकडे वळले. मोजलं. पुन्हा मोजलं, आणि सुनीतालाही मोजायला लावलं. शंभरात अडतीस.

फोनवर सांगता आलं असतं. माझी हिंमत झाली नाही, म्हणजे तोंड न दाखवता फोनवर उरकायची हिंमत. मी रिक्षा केली आणि सिडकोत भामऱ्यांच्या घरी गेले.

दार मंगलाताईंनी उघडलं आणि त्यांच्या पायांमधून बेअरिंग पुढे आली. तांबूस, एक कान वाकडा. मी ज्याची गाठ बघितली असं अख्खं कुत्रं मी पहिल्यांदाच बघत होते. तिने माझा हात हुंगला आणि चाटला. एकनाथ खोटं बोलत नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मंगलाताईंना वाटलं मला कुत्र्यांची भीती वाटते. "काही करत नाही हो ती," त्या मला धीर देत होत्या.

मी भामऱ्यांना सगळं सांगितलं. खरं तर सगळं नाही. एकनाथचं सांगितलं, पितरांचं सांगितलं, कुंकवाचं सांगितलं, पाणी न घातलेल्या औषधाचं सांगितलं. एकनाथ माझ्या तोंडून इतक्या वेळा आला की ऐकणाऱ्याला वाटावं, लॅब एकनाथच चालवतो. भामरे वहीत लिहून घेत होते.

"मी आलो होतो त्या दिवशी हे तपासलं असतं, तर कळलं असतं का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"दोन महिन्यांनी फरक पडतो?"

"पडतो किंवा पडत नाही. मला माहीत नाही."

"तेही लिहितो," ते म्हणाले.

मग ते आतून एक पत्र्याचा डबा घेऊन आले. कारखान्यातून येताना आणलेले टॅग होते त्यात, दोरी ओवलेले, लाल रिजेक्टचे आणि हिरवे ओकेचे. त्यांनी दोन्ही रिपोर्ट समोर ठेवले. बेअरिंग खूप जगेल म्हणणाऱ्या रिपोर्टला लाल टॅग बांधला. बेअरिंगचं काही खरं नाही म्हणणाऱ्या रिपोर्टला हिरवा. मंगलाताई म्हणाल्या, "अहो, उलटं बांधताय." भामरे म्हणाले, "नाही, बरोबर आहे." आणि चष्मा काढून पुसत बसले. बराच वेळ पुसत होते.

त्याच आठवड्यात दुसरं ऑपरेशन झालं. स्तनांची अख्खी ओळ काढली आणि जांघेतली ग्रंथीही, कारण रोग पसरला तर आधी तिथेच पोहोचतो. ह्या वेळी बरणी एकनाथने ऑपरेशननंतर तासाभरात स्वतः आणून दिली. माझ्याकडे न बघता टेबलावर ठेवली आणि निघून गेला. ओळ स्वच्छ होती. जांघेच्या ग्रंथीत मात्र त्या गाठीच्या पेशींचा एक ठिपका सापडला, मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा. तो दोन महिन्यांपूर्वी तिथे होता का? जगातला कुठलाही मार्कर हे सांगत नाही. पुढचं सांगणारे खूप निघाले, मागचं सांगणारा अजून निघायचाय. त्या ठिपक्याची काच मी कितीदा बघितली असेल देव जाणे. उत्तर लिहिलेलं असावं तशी बघायचे.

बेअरिंग त्यानंतर सव्वा वर्ष जगली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी भामरे तिला मोटरसायकलच्या टाकीवर बसवून लॅबमध्ये आणायचे. गरज काहीच नव्हती, मी तिला काय तपासणार? पण ती येऊन सुनीताच्या टेबलाखाली बसायची, बिस्किटं खायची, आणि भामरे आमच्या रजिस्टरमधल्या तारखा तपासायचे. चुका सापडायच्या, हे वेगळं सांगायला नको. त्या काळात मी एक कागद छापून सगळ्या दवाखान्यांत लावला. पितर असोत, ग्रहण असो, अमावस्या असो, बरणी दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये पोहोचली पाहिजे, आणि का पोहोचली पाहिजे, तेही खाली लिहिलं. इतकी वर्षं मी बरण्या मागवत होते. 'का' हे एकाही कंपाउंडरला कधी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, त्यांना काय करायचंय!

शेवटी गाठ फुप्फुसात गेली. आकडा खरा ठरला. माझं भविष्य बरोबर आलं ह्याचा इतका राग मला आयुष्यात दुसऱ्या कशाचा आला नाही.

मी लॅब बंद करायला काढली तेव्हा, शेवटच्या आठवड्यात, भामरे आले. एकटेच. टेबलाखाली बघायची मला सवय झाली होती, मी बघितलं. तिथे कोणी नव्हतं. त्यांनी फाइल माझ्यासमोर ठेवली. दोन्ही रिपोर्ट टॅगसकट होते आणि शेवटी एक छापील फॉर्म. कारखान्यात प्रत्येक रिजेक्ट पीसमागे तो भरायचा असतो, ते म्हणाले. वळणदार अक्षरात त्यांनी भरला होता. दोष, पहिला रिपोर्ट चुकीचा. कारण, नमुना जास्त मुरला, तारीख खोटी, मास्टर पीस वेगळ्या प्रोसेसचा, ग्राहकाचा प्रश्न ओपन राहिला. उपाय, दवाखान्यांत कागद लावला. त्याखाली 'जबाबदार' असा रकाना होता. तो कोरा होता.

"हा राहिला," मी म्हटलं.

"तो इन्स्पेक्टर भरत नाही. ज्याचा असेल त्याने भरायचा, असा आमच्याकडे नियम होता."

सिडकोतल्या त्या संध्याकाळी मी एकनाथचं नाव किती वेळा घेतलं होतं, ते मला आठवलं. त्यांच्या वहीत ते असणारच. फॉर्मवर मात्र त्यांनी ते कुठेही लिहिलं नव्हतं. कुत्रीवर जीव होता म्हणून बरणी लपवणारा माणूस, आणि रिपोर्ट चांगला आला म्हणून काच पुन्हा न बघणारी मी. डॉक्टरेट आमच्या दोघांपैकी माझ्याकडे होती.

मी पेन उघडलं आणि रकान्यात माझं पूर्ण नाव लिहिलं, पदवीसकट. खाली सही केली.

भामऱ्यांनी फॉर्म वळवून स्वतःकडे घेतला, वाचला आणि पुन्हा माझ्याकडे सरकवला.

"तारीख राहिली, मॅडम," ते म्हणाले. "खरी टाका."

मी टाकली.